तारेचं दुसरं टोक

जुने किल्ले बघत फिरणाऱ्या माणसाला कोणी कारण विचारत नाही. पक्षी बघणाऱ्याला तर आता समाजात मानही आहे. पण रेल्वेचे जुने सिग्नल बघायला आणि त्यांचे फोटो काढायला कोणी आडस्टेशनावर उतरला, की आधी स्टेशन मास्तर चौकशी करतो, मग गँगमन, आणि शेवटी प्लॅटफॉर्मवरचा चहावाला. ठेकेदाराकडून आलात का? वर्तमानपत्रातून आलात का? लाइन बंद होणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'हो' असतं, आणि ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. जिथे जुने सिग्नल उरलेत, तिथे लाइनच फार दिवस उरायची नाही, असा या छंदाचा हिशेब आहे. त्यामुळे या वाटेला लागलेली माणसं कायम घाईत असतात.

जुने सिग्नल म्हणजे हाताचे. उंच लोखंडी खांब, त्याला टेकलेली शिडी, आणि टोकाशी चारेक फूट लांबीची लाल पाती, तिच्यावर पांढरा उभा पट्टा. पाती आडवी असली की गाडीनं थांबायचं, खाली तिरपी झाली की पुढे यायचं. कागदोपत्री त्याला सेमाफोर म्हणतात. स्टेशनच्या आसपास राहणारे कोणी तसं म्हणत नसत. 'हात पडला' म्हटलं की गाडी आली, आणि बायाबापड्या गाठोडी उचलून उभ्या राहिल्या.

फोटो काढणाऱ्याला काही गोष्टी लवकर शिकाव्या लागतात. हाताचा लाल चेहरा येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे असतो. स्टेशनातून बघणाऱ्याला पाठ दिसते, ती पांढरी आणि तिच्यावर काळा पट्टा. म्हणजे लाल हात हवा असेल तर स्टेशन सोडून, रुळांच्या कडेनं, गाडी जिकडून येणार तिकडे चालत जायचं. सकाळचं ऊन हवं की संध्याकाळचं, हे लाइन कोणत्या दिशेला जाते त्यावर ठरतं. गाडी आणि पडलेला हात एकाच चौकटीत हवे असतील तर मधे वेळ फार थोडा असतो. इंजिन हाताखालून गेलं, मागचे डबे गेले, की लिव्हर परत टाकली जाते आणि हात पुन्हा आडवा होतो. हे सगळं कळायला मला पुस्तक लागलं नाही. मी अशाच एका हाताच्या सावलीत वाढलो.

आमचं स्टेशन अकोला-खंडवा मीटर गेजवरचं. अकोट, अडगाव, हिवरखेड ही काळ्या मातीची, कपाशीची स्टेशनं मागे पडली की लाइन सातपुड्यात शिरायची. पुढे वान रोड, मग धुळघाट. धुळघाटाजवळ चढ काढण्यासाठी रूळ असे गोल फिरवले होते, की गाडी वळसा घेऊन स्वतःच्याच वाटेला ओलांडून जायची. खिडकीतून बघणाऱ्या मुलाला आपण आत्ता कुठून आलो ते खाली दिसायचं. स्वातंत्र्यानंतर, 1960 च्या सुमारास खंडवा आणि हिंगोली यांच्यामधला तुकडा पुरा झाला, तेव्हा उत्तरेकडचं मीटर गेजचं जाळं दक्षिणेकडच्या जाळ्याला जोडलं गेलं. राजस्थान आणि हैदराबाद जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेनं जायची. सागाच्या जंगलातून, कोरकूंच्या पाड्यांशेजारून, एकाच रुळावरून.

गंमत अशी, की ही लाइन पुरी झाली तेव्हा हाताचे सिग्नल जुने झालेले होते. मुंबईत व्हीटी ते भायखळा या पट्ट्यात आपोआप बदलणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल 1928 मध्येच लागले होते. तीस वर्षांनंतर आमच्याकडे जे आलं ते रॉकेलची बत्ती आणि ओढायची तार. आडवाटेला सगळं उशिरा येतं आणि उशिरा जातं. त्या उशिरानंच माझ्यासारख्याला फोटो काढायला काहीतरी शिल्लक ठेवलं.

बाबा तिथे पॉइंट्समन होते. कागदावर सांधेवाला. सांधे बदलणं, सिग्नल टाकणं, बत्त्या लावणं, गाडीला झेंडी दाखवणं, टोकनचा गोळा घेणं-देणं, लहान स्टेशनात हे सगळं दोन-तीन माणसांत वाटलेलं असायचं. प्लॅटफॉर्मच्या टोकाशी लिव्हरची रांग होती. लाल लिव्हर सिग्नलची, काळी सांध्याची, निळी कुलपाची, आणि जिला काही काम नाही ती पांढरी. शाळेत रंग शिकवायच्या आधी मला हे रंग पाठ होते. पांढऱ्या लिव्हरीला मी एकदा विचारपूर्वक हात लावला होता, कारण ती ओढली तरी काही होत नाही असं बाबांनी सांगितलं होतं. खरंच काही झालं नाही.

या लिव्हरींचं आपसांत एक बंधन होतं. त्यांच्या खाली पट्ट्या आणि खाचा अशा बसवलेल्या असायच्या, की सांधा नीट बसून त्याला कुलूप लागल्याशिवाय सिग्नलची लिव्हर हलायचीच नाही. बाबांना सगळं अंग लावून ओढताना मी पाहिलं आहे. लिव्हर हलली नाही की ते तिच्यावर चिडत नसत. सांध्याकडे चालत जात, पात्यात अडकलेला खडा काढत, परत येत. 'ती नाही म्हणते तर काहीतरी असंल,' एवढंच म्हणत.

लिव्हरीपासून सिग्नलपर्यंत जमिनीलगत तार जायची, छोट्या छोट्या चाकांवरून. होमचा सिग्नल जवळ, त्याच्या पलीकडे आउटर, आणि आउटरच्याच खांबावर खाली माशाच्या शेपटीसारखा कापलेला वॉर्नर. तार जितकी लांब तितका तिचा स्वभाव लहरी. वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे तापमान पंचेचाळीसकडे. दुपारी लोखंड पसरायचं, तार सैल व्हायची, आणि लिव्हर पूर्ण ओढूनही हात अर्धाच पडायचा. अर्धा पडलेला हात ड्रायव्हरला धड थांब सांगत नाही, धड ये सांगत नाही. थंडीच्या पहाटे उलटं. तार आखडून ताठ, लिव्हर न ओढताही हाताला जरासा झोल. त्यासाठी लिव्हरीजवळ तार कमी-जास्त करायची सोय असायची. बाबा दिवसातून कितीदा ती फिरवत ते मोजायचं कोणाला सुचलं नाही. ऊन चढलं की ते उठायचे, ऊन कललं की परत उठायचे.

हाताच्या खांबावर एक लोखंडी वजन लटकत असे. लहानपणी मला ते निरर्थक वाटायचं. आमच्या लाइनवरचे हात खाली पडणारे होते, म्हणजे नुसते सोडले असते तर ते आपल्या भारानं खालीच आले असते, आणि खाली म्हणजे 'ये'. ते होऊ नये म्हणून ते वजन. तार तुटली, कोणी कापली, झाड पडलं, रानडुकरानं ओढली, काहीही झालं तरी वजन आपलं काम करणार आणि हात आडवा करणार. बिघाड झाला की सिग्नलनं 'थांब' म्हणायचं. गाडी उगाच तासभर उभी राहील, प्रवासी शिव्या देतील, चालेल.

ही समजूत फार महाग मिळाली आहे. 21 जानेवारी 1876 ला इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन नावाच्या ठिकाणी बर्फाचं वादळ होतं. त्या काळी तिथे हात एरवी खाली पडलेलाच ठेवायची पद्धत होती, थांबवायचं असेल तेव्हाच आडवा करायचा. बर्फ खाचेत गोठला, हात 'ये' म्हणत अडकून बसला, आणि एक्स्प्रेस मालगाडीवर गेली. त्या ढिगाऱ्यावर आणखी एक एक्स्प्रेस येऊन आदळली. तेव्हापासून सिग्नलची नेहमीची अवस्था आडवी झाली. आमच्या स्टेशनातला हात दिवसभर आडवा असायचा त्याचं कारण तो बर्फ. बाबांना हे नाव कधी ठाऊक नव्हतं. वजनाला मात्र ते दर आठवड्याला हात लावून बघत.

रस्त्यावरचे सिग्नलही याच घराण्यातले, हे मला फार उशिरा वाचनात आलं. डिसेंबर 1868 मध्ये लंडनला पार्लमेंटबाहेर रस्त्यावरचा पहिला सिग्नल लागला, तो जॉन पीक नाइट नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरनं सुचवलेला. दिवसा हात आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. महिन्याभरात गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलिस जखमी झाला आणि तो प्रयोग तिथेच थांबला. आज चौकाचौकात उभे असलेले दिवे बघताना मला त्या पोलिसाची आठवण होते. त्याच्या यंत्राचं नाव, वर्ष, शोधणारा, सगळं नोंदलेलं सापडतं. यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला मात्र कथेत जागा मिळते ती जखमी झाल्यावरच.

संध्याकाळी बत्त्यांचं काम असायचं. दिवसा हाताची जागा बघून ड्रायव्हरला कळतं, रात्री हात दिसत नाही म्हणून रंग लागतो. हाताच्या खांद्याशी चष्म्यासारखी चौकट असते, तिच्यात दोन काचा. हात हलला की काच हलते आणि मागच्या बत्तीपुढे लाल किंवा हिरवा रंग येतो. त्यातली हिरवी काच दिवसा उतरवून हातात घेतली तर हिरवी नसते, निळसर असते. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळी धरली की रात्री हिरवा उजेड पडतो. हे गुपित बाबांनी मला शिडीखाली उभं करून दाखवलं होतं, आणि त्यानंतर चित्रकलेच्या तासाला मी पिवळ्यात निळा मिसळून हिरवा केला तेव्हा गुरुजींपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

बत्तीच्या मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असे. सिग्नलची तोंडं गाडीकडे, मग स्टेशनातल्या माणसाला बत्ती जळते की विझली हे कसं कळणार? तर त्या छिद्रातून मागे पांढरा ठिपका दिसायचा. हात पडला की एक झडप पुढे येऊन ठिपका झाकला जायचा. रात्री प्लॅटफॉर्मवर उभं राहून बाबा अंधारात तो ठिपका शोधत. दिसला की बरं. नाही दिसला की कंदील घेऊन पायी निघत, आणि त्या भागात रात्री पायी निघणं म्हणजे अस्वलाशी गाठ पडायची शक्यता धरूनच निघणं.

काचा पुसायला फडकं लागायचं. रेल्वे फडकी देत असे, पण बाबांना ती आवडत नसत. त्यांचे धागे काचेला चिकटतात म्हणायचे. त्यांना आईच्या जुन्या लुगड्याचं मऊ झालेलं सूत हवं असे. आई कुरकुरत फाडून द्यायची. तेच फडकं पुढे लिव्हरीच्या मुठीवर, कारण घामाचा हात लागला की लोखंड गंजतं. आमच्या घरातली कितीतरी लुगडी अशी सिग्नलावर संपली.

आईचं आणि त्या हाताचं नातं वेगळं होतं. क्वार्टरच्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती आणि तिच्यातून होम सिग्नलची पाठ दिसायची. आई घड्याळ बघत नसे. चुलीपुढून ती मला म्हणायची, 'पाय बरं, पडला का हात?' मी खिडकीत चढून सांगायचो. पडला असेल तर ती भाकरी थापायला घ्यायची. गाडी येणार, थांबणार, पाणी घेणार, बाबा गोळा देणार, हात परत आडवा होणार, मग ते घरी येणार. तोवर तव्यावरची दुसरी भाकरी उतरलेली असायची. गाडी लेट असली तर चूल लेट. नवऱ्याचं जेवण गरम राहावं म्हणून त्या बाईनं रेल्वेचं अख्खं वेळापत्रक स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं.

गोळ्याचंही सांगायला हवं. एकाच रुळावरून दोन्ही बाजूंच्या गाड्या जायच्या, तर समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशन मास्तरच्या खोलीत नीलच्या पद्धतीचं टोकन यंत्र असे. पुढच्या स्टेशननं घंटेवर होकार दिल्याशिवाय त्यातून लोखंडी गोळा बाहेर पडत नसे, आणि एका तुकड्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर. तो चामडी पाकिटात घालून, वेताच्या मोठ्या कडीला लावून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. न थांबणाऱ्या गाडीला चालत्या गाडीतच. बाबा कडी उंच धरून उभे राहत, इंजिनावरचा माणूस कोपरात ती ओवून घेई आणि आधीची कडी खाली फेकून देई. बाबांच्या दंडावर एक काळपट वण होता, तो या देवघेवीतला. आई त्याला तेल लावायची आणि ड्रायव्हरला नावं ठेवायची.

मी शहरात गेलो, नोकरीला लागलो, कॅमेरा घेतला. बाबा निवृत्त झाले आणि दोघं अकोल्यात राहायला आले. मी सुटीच्या दिवशी हात शोधत फिरायला लागलो तेव्हा बाबांना ते हास्यास्पद वाटलं. त्यांनी आयुष्यभर ज्याला तेल घातलं त्याचे फोटो भिंतीवर लावायचे, हे त्यांच्या बुद्धीत बसत नसे. फोटो दाखवला की ते चष्मा लावून बघायचे आणि हाताकडे न बघता खांबाच्या बुडाशी बघायचे. 'चाकाला तेल नाही. गंज बघ.' किंवा, 'वजनाची पिन कोणी तारेनं बांधली? पिन नाही मिळाली वाटतं.' माझ्या ऊन-सावलीच्या हिशेबाबद्दल ते काही बोलले नाहीत.

ते गेल्यावर फोटो बघायचं काम आईकडे आलं. ती लिहायला-वाचायला बेताचंच शिकलेली, पण हात वाचायला तिला चष्माही लागत नसे. एकदा एका संध्याकाळच्या फोटोवर मी खूश होतो. आभाळ तांबडं, मागे सागाची रांग, इंजिन वळणावर, आणि पुढे पडलेला हात. तिनं बघितलं आणि म्हणाली, 'हात पुरा नाही पडला. तार ढिली हाय. तुह्या बाबानं असा ठेवला नसता.' मी फोटो मोठा करून बघितला. खरंच होतं. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, 'बत्ती कोण लावते आता?' मी सांगितलं की आता विजेचा बल्ब असतो, बटण दाबलं की लागतो. तिनं मान हलवली. 'बरं झालं. त्या शिडीची मले लई भीती वाटे.' इतकी वर्षं ती शिडी तिच्या खिडकीतून दिसत होती आणि तिनं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

2016 संपता संपता अकोला-खंडवा लाइनवरची मीटर गेजची गाडी बंद झाली. ब्रॉड गेज करायचं होतं. मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून मोठी लाइन न्यावी की नाही यावर पुढे बराच वाद झाला, आणि ती व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून वळवायचं ठरलं. ते योग्यच झालं. वाघाला शांतता मिळाली, आमच्या स्टेशनालाही मिळाली. शेवटच्या दिवसांत पुष्कळ लोक कॅमेरे घेऊन आले होते. गाडी हारांनी सजवली होती, टपावरसुद्धा माणसं होती. प्रत्येकाला हात पडतानाचा फोटो हवा होता. मीही त्यांच्यातच होतो. नंतर खांब कापले गेले आणि भंगारात वजनावर गेले. ज्या लोखंडी वजनानं एवढी वर्षं हात आडवा केला तेही त्याच काट्यावर चढलं असणार. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.

त्यानंतर मी सगळे फोटो एकदा ओळीनं लावून बघितले. खाली पडणारे हात, वर उठणारे हात, जोडहात, मोडका हात. वर उठणारा हात ही नंतरची सुधारणा; तार तुटली तर तो आपल्याच भारानं आडवा होतो. काही फोटो चांगले आहेत. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: माणूस कुठेच नाही. त्याला कारणही आहे. हात एका टोकाला, लिव्हर दुसऱ्या टोकाला, आणि मधे पाचशे पावलांची तार. लाल हात टिपायला तुम्ही स्टेशनकडे पाठ करून चालत जाता, म्हणजे ओढणारा आपोआप तुमच्या पाठीमागे राहतो. केबिनमध्ये जाऊन लिव्हर ओढणाऱ्याचा फोटो काढलात तर हात दिसत नाही. तारेची दोन्ही टोकं एका फोटोत मावत नाहीत. ज्या खिडकीतून ती दोन्ही एकदम दिसायची, ती खिडकी आमच्या स्वयंपाकघराला होती. म्हणून आईला तार ढिली आहे हे कळलं आणि मला फक्त आभाळ दिसलं.

जुन्याचं कौतुक करताना तोल जाऊ देऊ नये. हातांचा काळ सुरक्षित नव्हता. आज स्क्रीनवर सगळं स्टेशन दिसतं, सांधा बसला की नाही ते विजेनं कळतं, पॉइंट्समनला अस्वलाच्या वाटेनं कंदील घेऊन जावं लागत नाही. माझ्या आईची शिडीची भीती संपवणारी कोणतीही गोष्ट मला वाईट वाटत नाही. पण 2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजार इथे जे झालं, ते हाताच्या दिवसांतल्या कुठल्याही माणसाला लगेच समजलं असतं. तिथे लिव्हर नव्हती, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती, आणि तीही बिघाड झाला की 'थांब' म्हणण्यासाठीच बनवलेली. दुरुस्तीच्या कामात तारांची जोडणी चुकली होती. कोरोमंडल एक्स्प्रेसला पुढे जायचा सिग्नल मिळाला आणि सांधा मात्र बाजूच्या लाइनकडे, उभ्या मालगाडीकडे. जवळपास तीनशे माणसं गेली. 'ती नाही म्हणते तर काहीतरी असंल' हे यंत्राचं म्हणणं शाबूत राहतं ते त्याला हात लावणाऱ्या माणसाच्या नेटकेपणावर. वजन बसवलं म्हणजे काम संपत नाही, दर आठवड्याला त्याला हात लावून बघावं लागतं. बाबांनी ते केलं, आणि आमच्या स्टेशनात काहीही घडलं नाही. काहीही न घडणं हेच त्यांच्या चाकरीचं फळ, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

हात अजून सगळे गेलेले नाहीत. इंग्लंडमध्ये श्रूजबरीला सेव्हर्न ब्रिज जंक्शनची 1903 मधली केबिन आहे, तिच्यात 180 लिव्हरींची रांग आहे आणि ती जगातली सगळ्यात मोठी चालू लिव्हर-केबिन म्हणून ओळखली जाते. श्रीलंकेच्या डोंगराळ लाइनवर चहाच्या मळ्यांमधून गाड्या अजून हात बघत चढतात, आणि तिथे आपल्याकडचे पर्यटक हौसेनं जातात. आपल्याकडच्या आडवाटांवरही कुठे एखादा खांब उभा असेल, कुठे यार्डात, कुठे गेटजवळ. संग्रहालयांत तर आहेतच. पण तिथला हात एकाच अवस्थेत वेल्डिंग करून ठेवलेला असतो, आणि त्याच्या तारेला दुसरं टोक नसतं.

तेव्हा या छंदात नव्यानं येणाऱ्यांना, आणि न येणाऱ्यांनाही, माझं एक सांगणं आहे. हाताचा फोटो जरूर काढा, ऊन बघून काढा. पण तो काढल्यावर तारेच्या कडेकडेनं परत चालत या. जो लिव्हर ओढतो त्याचं नाव विचारा, तो कोणत्या गावचा, किती वर्षं हे करतो, उन्हाळ्यात तार कशी सांभाळतो ते विचारा, आणि फोटोच्या मागे लिहून ठेवा. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत निवृत्त सांधेवाला, केबिनवाला, बत्तीवाला असेल तर त्याला जुने फोटो दाखवा आणि तो कुठे बोट ठेवतो ते बघा. त्याची बायको शेजारी बसलेली असेल तर तिलाही विचारा, आणि तिला आधी विचारा. या माणसांची वयं आता सत्तर-ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम या वर्षीच करायला हवं.